हवालदारानं वायर कशी तोडली

"पाहुणे, हे तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही. म्हणून हल्ली मी सांगतच नाही," असं म्हणून मी अडकित्त्यात सुपारी धरली.

"परवाच दूधवाल्याला सांगितलंत, भावजी!" स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला.

"दूधवाला पाहुण्यांत येत नाही," मी म्हटलं आणि सुपारीचे दोन तुकडे केले.

फलटणचे व्याही पडवीत भिंतीला टेकून बसले होते. पुरणपोळी त्यांच्या डोळ्यांवर चढली होती. सकाळीच आमच्या हेमांगीच्या नव्या दवाखान्याची पूजा झाली होती. हेमांगी माझी पुतणी, जनावरांची डॉक्टर, आणि हे व्याही म्हणजे तिचे सासरे. त्यांनी नुसतं एवढंच विचारलं होतं, "बापूसाहेब, ही मुलगी म्हणे लग्न होऊन जर्मनीला जायची होती. मग इथंच राहिली कशी?"

असं कुणी विचारलं की मला राहवत नाही. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेला. भोर ते महाड घाट उतरेपर्यंत प्रवाशांना जागं ठेवायचं काम मी तोंडानंच केलं. शिवाय आमचा दादा, म्हणजे हेमांगीचा बाप, आरामखुर्चीत तोंडावर रुमाल टाकून छान घोरत होता. दादा जागा असला की माझ्या गोष्टी आखूड होतात.

"तर ऐका," मी म्हटलं.

आमच्या घरात तेव्हा नवंनवं इंटरनेट आलं होतं. आलं तेव्हा कसं उधळलेल्या घोड्यासारखं धावायचं. पण संक्रांत झाली आणि त्याचे पाय गळाले. हळू म्हणजे किती हळू? भाचीनं मुंबईहून तिच्या बाळाचा फोटो पाठवला. कपाळ दिसलं तेव्हा मी चहा टाकला. नाक दिसलं तोवर चहा पिऊन झाला. आणि हनुवटी दिसायच्या आत भाचीचा फोन आला, मामा, बाळ रांगायला लागलं.

"काहीतरीच!" व्याही म्हणाले.

"मग? पटणार नाही म्हटलंच होतं."

एरवी आमचं काही अडलं नसतं. पण येत्या रविवारी दादानं हेमांगीला दाखवायचा कार्यक्रम ठरवला होता, आणि तो इंटरनेटवरून. मुलगा जर्मनीत इंजिनियर, मुलाची आई पुण्यात, आम्ही भोरला. तिन्ही घरं एका पडद्यावर बसणार, बोलणार, ठरवणार. पोहे तेवढे ज्यानं त्यानं आपापले खायचे.

आता दादाचा स्वभाव सांगायला हवा. दादा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होता. गावातल्या सगळ्या वॉल्व्हच्या चाव्या त्याच्या खिशात. पाइपचं नुसतं टोक बघून सांगायचा, हा आपोआप फुटला की कुणी चोरून फोडला. आणि शब्दाचा असा पक्का, की एकदा कुणाच्या तरी लग्नात शेजारच्या पानावरचा माणूस म्हणाला, तुमची स्कूटर फार आवडली बुवा. दादा बोलून गेला, "न्या मग." दुसऱ्या दिवशी कोरी करकरीत स्कूटर त्या माणसाच्या दारात उभी! तेव्हापासून दादा सायकलवर. तेव्हा रविवारी दादाच्या तोंडून एकदा "हो" निघालं, की हेमांगी जर्मनीला पोचली असंच समजायचं.

आणि हेमांगीला जायचं नव्हतं. जुन्या स्टँडमागे एक गाळा घेऊन तिनं दवाखाना थाटला होता. पाटीसुद्धा तिनं स्वतःच रंगवली होती, त्यावरची म्हैस जरा गाढवासारखी दिसायची, पण गिऱ्हाईक ओळखायचं. तिनं एकदा दादाला सांगून पाहिलं, मला हे स्थळ नको. दादा रागावला नाही. नुसता जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही ताटावरून उठला. "माझ्या मुलीनं जन्मभर म्हशींच्या शेपट्या धरायच्या का?" एवढंच भिंतीला विचारत राहिला. बापाला उपाशी ठेवणं तिला जमेना. शेवटी ती म्हणाली, "बरं, बघू देत." दादा लगेच पिठलं-भाकरीवर बसला.

मग दादानं मला बोलावलं. "बापू, रविवारपर्यंत नेट नीट करायचं. तू घरात रिकामाच असतोस."

मी कामाला लागलो. इंटरनेटचा तो डबा, लाल-हिरवे दिवे लुकलुकतात तो, वहिनीनं मांडणीवर स्टीलच्या डब्यांमागे ठेवला होता. वर लोकरीचं विणलेलं झाकण, त्याला मोती. आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नाही. मी झाकण काढलं, डबे हलवले, डबा बंद करून पुन्हा चालू केला. काही फरक नाही. डबा खिडकीत ठेवला, टीव्हीवर ठेवला. शेवटी देवघराच्या फळीवर ठेवला. तिथं मात्र फरक पडला. वहिनीनं त्याला हळदकुंकू वाहिलं.

केबलवाला जमीर आला. त्यानं यंत्र लावून बघितलं आणि म्हणाला, "बापूकाका, खांबावरून माल भरपूर येतोय. घरात शिरल्यावर कुठं जातो ते तुम्ही शोधा. आणि हो, गच्चीवर वायर लोंबतीय. वानरं झोके घेतात. रविवारी कोणीतरी राखण बसा."

हे दादानं ऐकलं मात्र, त्याच्यातला पाणीपुरवठावाला जागा झाला. "अरे, मग टाकी भरलेली आहे! प्रेशर मधेच जातंय. कुणीतरी चोरून तोट्या लावल्यात. आळीत फिर आणि नळ शोध."

मी म्हटलं, दादा, हे पाणी नव्हे. पण दादापुढं कुणाचं चालतं? निघालो. पहिल्याच घरी, शकूमावशींकडे, पाय अडखळला. शकूमावशींच्या टीव्हीवर एक बाई काजूकतली करत होती. थांबत नव्हती, अडकत नव्हती, सरसर पाक ढवळत होती. मोबाइलवर शकूमावशींची सून आईशी बोलत होती, समोरासमोर.

"मावशी, तुम्ही नेट कधी घेतलंत?"

"घेतलं कुठं? वाण आलंय ना तुमच्याकडून!"

"कसलं वाण?"

"संक्रांतीचं! तुमच्या वहिनींनी हळदीकुंकवाला लुटलं की. तिळगुळाच्या पुडीवर पासवर्ड. अहो, दरवर्षी प्लॅस्टिकची वाटी, चहाची गाळणी, माळा भरलाय नुसता गाळण्यांनी. पहिल्यांदाच कुणाला तरी कामाचं काही सुचलं. आख्खी आळी नाव काढतीय."

व्याही एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "पासवर्ड वाणात दिला?"

"माझी काही चूक नव्हती!" आतून वहिनी. "सगळ्यांनी कौतुक केलं होतं. नगराध्यक्षीणबाईंनीसुद्धा दोन पुड्या नेल्या."

तर असा शोध लागला. मी घरी येऊन सांगितलं. दादा म्हणाला, "बदल पासवर्ड." वहिनी म्हणाली, "खबरदार! सवाष्णींना दिलेलं वाण परत घ्यायचं? माझ्या कुंकवाला काही झालं म्हणजे?" आता तिचं कुंकू म्हणजे खुद्द दादा. दादाला आपल्याच जिवाविरुद्ध काही बोलता येईना. पासवर्ड राहिला.

मग मीच आळीत दारोदार गेलो. बायांनो, रविवारी सकाळी जरा आपापले मोबाइल बंद ठेवा, हेमांगीला बघायचंय. झालं. ज्या कार्यक्रमाची कानोकान खबर नव्हती ती आता आळीच्या पार टोकाला. शकूमावशी म्हणाल्या, "एवढंच ना? ठेवू की बंद. मग आम्ही तिथंच येऊन बसतो, नाहीतरी बघायला दुसरं काही नसणार."

शनिवारी सगळ्या आळीनं बंद ठेवून चाचणी घेतली. मी लॅपटॉप लावला आणि वाघांचा सिनेमा सुरू केला. पाहुणे, वाघाच्या मिश्या मोजून घ्या! दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिली मी नोकरीला लागलो तेव्हा.

हेमांगी तेवढ्यात कुठल्याशा गोठ्यातून आली. गाभण गाय अडली होती, ती सोडवून आलेली. कोपरापर्यंत हात धुऊन दारात उभी राहिली.

"काका, झालं नीट?"

"झालं."

"अगदी नीट झालं?"

"वाघाच्या मिश्या दिसतात."

"बरं," ती म्हणाली, आणि परत आत जाऊन हात धुवायला लागली. धुतलेलेच हात.

आता गोष्टीतला खरा नायक येतो. हवालदार. आमच्या आळीत वानरांची टोळी आहे, त्यांचा म्होरक्या. अंगानं आडवा, चालणं गस्तीवर निघाल्यासारखं, म्हणून हवालदार. बुद्धीनं असा, की एकदा घाटात माझ्या गाडीत चढला आणि तिकीट मागितल्यावर टपावर जाऊन बसला. टपाला तिकीट नसतं, हे त्याला ठाऊक! त्या उन्हाळ्यात त्याचं शेपूट काटेरी तारेत अडकून फाटलं होतं. कुणाला जवळ येऊ देईना. हेमांगी केळं घेऊन गेली, त्याच्याशी बोलत बसली, आणि भूल न देता टाके घातले. पाहुणे, त्यानं हूं की चूं केलं नाही. टाके झाल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवला. असा. आशीर्वाद दिल्यासारखा.

"बापूसाहेब!" व्याही म्हणाले.

"विचारा आळीत."

रविवार उजाडला. घरात माजघरभर बायका. दादानं इस्त्रीचा सदरा घातला. लॅपटॉप स्टुलावर, त्याच्या बाजूला वहिनी, पलीकडे हेमांगी, अंगावर नेसायला अवघड अशी साडी. मी जमीरच्या सांगण्याप्रमाणे काठी घेऊन गच्चीवर राखणीला बसलो. बसल्या बसल्या सुपारी कातरत होतो. वायर माझ्या समोरून, शेवग्याच्या फांदीखालून घरात उतरलेली. आणि पाण्याच्या टाकीवर, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, हवालदार. मांडी घालून. त्याला हाकलायला मी काठी उचलली, तर त्यानं तोंडावर बोट ठेवलं. गप्प बस, ऐकू दे.

खालचं सगळं वर ऐकू येत होतं, कारण जर्मनी लांब आहे म्हणून दादा ओरडून बोलत होता. नेट तर त्या दिवशी असं होतं की मुलाच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलंय हेसुद्धा बायकांनी टिपलं. मुलगा गरीब होता बिचारा. "तुम्हाला प्राणी आवडतात का?" असं त्यानं हेमांगीला विचारलं. ती म्हणाली, "मी प्राण्यांची डॉक्टर आहे." तो म्हणाला, "हो हो, आई म्हणाली होती." मग पुढचं सगळं त्याची आईच बोलली. बाई मोठ्या टापटीप. स्वयंपाक विचारला, पत्रिका विचारली, चष्म्याचा नंबर विचारला. आणि शेवटी म्हणाल्या,

"आम्हाला मुलगी पसंत आहे. तो दवाखाना मात्र आता लगेच बंद करायला हवा. तिकडे त्या शिक्षणाचा काही उपयोग नाही, आणि घर सांभाळायला माणूस हवंच आहे. तुम्ही हो म्हणा, म्हणजे आम्ही पक्कं समजतो."

माजघरात शकूमावशींच्या बांगड्यासुद्धा वाजेनात. हेमांगी काही म्हणेल म्हणून मी कान दिला. ती काही म्हणाली नाही. दादानं घसा साफ केला. दादाचा घसा साफ करण्याचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो, त्यानंतर जे येतं ते बदलत नाही.

आणि हवालदार उठला.

त्यानं एकदा खाली माजघराकडे पाहिलं. मग आपलं शेपूट पुढे ओढून त्यावरच्या टाक्यांच्या खुणेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहून एक डोळा मिटला. टुणकन फांदीवर गेला, वायर तोंडात धरली, आणि कट!

"आणि?"

"आणि काय? खाली जर्मनी गेली, पुणं गेलं. बायकांचा एकच गलका. दादा धापा टाकत गच्चीवर आला. वायरचं टोक उचललं. बराच वेळ हातात धरून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. मी शेवग्याकडे बोट दाखवलं. तो खाली गेला आणि बायकांना म्हणाला, वानरानं तोडली. आता सांगा, पाहुणे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण आमचा दादा उभ्या आयुष्यात खोटं बोललेला नाही. त्याच्या तोंडचे शब्द आहेत हे. वानरानं तोडली."

"पण फोन करता आला असता की परत?" व्याही सरळ झाले होते. झोप पार उडाली होती.

"वहिनीनं फोन हातात दिला होता. दादा म्हणाला, राहू दे आता. थोड्या वेळानं मध्यस्थाचाच निरोप आला. बाई भडकल्या होत्या. म्हणे, आम्ही एवढं सरळ विचारलं, तर मुलीच्या वडिलांनी तोंडाचा चंबू केला, आमच्याकडे बघितलं आणि फोन बंद करून टाकला. असा अपमान आमचा कुणी केला नव्हता. मोडलं स्थळ. पुढं तुमचा मुलगा त्याची आजारी शेळी घेऊन दवाखान्यात आला, ते तुम्हाला माहीतच आहे. तर पाहुणे, तुमची सून तुम्हाला कुणी दिली? हवालदारानं. दवाखान्याच्या पाटीवर म्हशीऐवजी त्याचं चित्र पाहिजे होतं, मी कितीदा सांगितलं."

मी समाधानानं नवी सुपारी अडकित्त्यात धरली.   आरामखुर्चीतलं घोरणं कधी थांबलं, कोण जाणे.

"वानरानं वायर चावली की तिच्या चिंध्या होतात, बापू," रुमालाखालून आवाज आला.

माझा हात थांबला.

"ती सुपारीसारखी सपाट कापलेली होती. आणि टोकाला सुपारीचा चुरा होता. मी फुंकर मारून उडवला."

व्याह्यांनी माझ्या हातातल्या अडकित्त्याकडे पाहिलं. मी तो हळूच मांडीखाली सरकवला. हेमांगी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती, ती तिथंच उभी राहिली.

"अरे, पण दादा," मी म्हटलं, "खाली जाऊन वानराचं नाव तूच घेतलंस ना?"

"मग काय, आळीतल्या सगळ्या बायकांसमोर सख्ख्या भावाचं घेऊ?" दादानं रुमाल काढून त्याची घडी केली. "वानर माझं होतं. तू इतकी वर्षं फुकट नाचवतोयस त्याला. टाके काय, आशीर्वाद काय, डोळा काय!"

हेमांगी माझ्याकडे बघत होती. मी पानाच्या डब्यात काहीतरी शोधायला लागलो.

"आणि एक सांगून ठेवतो, व्याहीबुवा," दादा खुर्चीत नीट बसत म्हणाला, "ह्यानं उगाच घाई केली. चांगली वायर वाया घालवली. ती बाई दवाखाना बंद करा म्हणाली तेव्हाच माझं ठरलं होतं. मी नाहीच म्हणणार होतो."

 व्याही दादाकडे आदरानं बघायला लागले. मलाही क्षणभर खरं वाटलं.

स्वयंपाकघरात पातेलं आपटल्याचा आवाज झाला आणि वहिनी पदराला हात पुसत थेट पडवीत आली.

"खोटं! साफ खोटं! मी शेजारीच बसले होते. आणि काय हो, नाही म्हणताना तोंडाचा चंबू होतो का कधी कुणाच्या?"